विंडोज १० चा जुना लॅपटॉप लिनक्स मिंटवर नेताना

बाबांचा लॅपटॉप २०१६ सालचा. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय ३, चार जीबी रॅम, आत फिरणारी हार्ड डिस्क. गावच्या वाचनालयाच्या नोटिसा, कार्यकारिणीची इतिवृत्तं, नातवंडांचे फोटो, बँकेची स्टेटमेंटं, सगळं त्याच्यातच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हा लॅपटॉप त्या यादीत बसतच नव्हता. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, 'नवीनच घ्या.' पण स्क्रीन स्वच्छ होती, कीबोर्डचं एकही बटण अडकत नव्हतं. धडधाकट यंत्र भंगारात द्यायला मन घेईना. आम्ही त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम, टाकलं. ते कसं केलं आणि तुम्ही कसं करावं, ते क्रमानं सांगते.

प्रत्यक्ष मिंट टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. खरा वेळ जातो तो फाइली, फॉन्ट आणि हाताच्या सवयी हलवायला. म्हणून विंडोज अजून चालू आहे तोवरच ही तीन कामं उरकून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या ईएसयू (वाढीव सुरक्षा अपडेट) योजनेत नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, म्हणजे घाई करायची गरज नाही. महिनाभर तरी हाताशी ठेवा.

आधी बघा, तुमचं काम लिनक्सवर होतं का

टॅली, कोरल ड्रॉ, फोटोशॉप यांची लिनक्स आवृत्ती नाही. घरात कुणी जीएसटीचं काम करत असेल, एक्सेलच्या मॅक्रोवर चालणाऱ्या शीट वापरत असेल किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावत असेल, तर तो संगणक विंडोजवरच राहू द्या. टोकनचे लिनक्स ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम) काही कंपन्या देतात, पण शेवटच्या तारखेला संध्याकाळी त्यांच्याशी झटापट करायची वेळ कुणावर येऊ नये. मुलांना व्हॅलोरंटसारखे खेळ खेळायचे असतील तर तेही इथे चालत नाहीत. स्टीमवरचे इतर बरेच खेळ मात्र चालतात.

ब्राउझर, ईमेल, नेटबँकिंग, पत्रं-अर्ज, साध्या एक्सेल शीट, यूट्यूब, झूम, व्हॉट्सॲप वेब, फोटो आणि गाणी, एवढंच काम असेल तर निर्धास्त पुढे चला. बहुतेक घरांचं काम एवढंच असतं.

पहिला महिना: सिस्टीम तीच, प्रोग्राम नवे

विंडोजवरच फायरफॉक्स ब्राउझर, वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस, व्हिडिओसाठी व्हीएलसी आणि ईमेलसाठी थंडरबर्ड टाका आणि रोज तेच वापरा. हे चारही प्रोग्राम लिनक्सवर जसेच्या तसे आहेत. फायरफॉक्समध्ये खातं उघडून सिंक चालू केलं की बुकमार्क आणि पासवर्ड आपोआप पलीकडे येतात. या महिन्यात घरच्यांच्या ज्या काही तक्रारी असतील त्या येऊन जातात. बाबांना लिबरऑफिसची टूलबार परकी वाटत होती. 'व्ह्यू' मेनूतल्या 'यूजर इंटरफेस' मधून 'टॅब्ड' हा प्रकार निवडला, बटणं ओळखीच्या जागी आली आणि प्रश्न मिटला. हीच तक्रार मिंटच्या पहिल्या दिवशी आली असती तर खापर लिनक्सवर फुटलं असतं.

वर्डच्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात, फक्त कधी कधी ओळी पुढे-मागे सरकतात. बहुतेक वेळा कारण फॉन्टचं असतं. कॅलिब्री नसेल तर त्याच मापाचा कार्लिटो आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन सेरिफ वापरला जातो, तिथे मांडणी फारशी हलत नाही. मराठी मजकूर मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये असेल तर मात्र पानं बदलू शकतात. छापायला किंवा पाठवायला द्यायचा कागद पीडीएफ करूनच द्या.

श्रीलिपीतल्या जुन्या फाइली

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. मराठी घरांमध्ये आणि संस्थांमध्ये हा विषय हमखास निघतो, म्हणून जरा थांबून सांगते.

बाबांची २००४ पासूनची इतिवृत्तं श्रीलिपीत टाइप केलेली. युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) रुळण्याआधीचे श्रीलिपी, आयएसएमचे सुरेख-योगेश, कृतिदेव हे फॉन्ट एका युक्तीवर चालायचे. फाइलमध्ये साठलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवायचा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसता कचरा दिसतो. मजकूर पुसलेला नसतो, तो वाचायची किल्ली हरवलेली असते. शिवाय प्रत्येक कंपनीची किल्ली वेगळी.

हे काम विंडोज जिवंत असतानाच करा, कारण फॉन्ट तिथे आहे आणि मूळ पान डोळ्यांनी ताडून बघता येतं. आधी प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढा. पुढे रूपांतर कितीही चुकलं तरी मूळ पान जसं होतं तसं हातात राहतं. मग ज्या फाइलींमध्ये पुन्हा फेरफार करायचा आहे तेवढ्याच युनिकोडमध्ये बदला. त्यासाठी फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, फक्त आपल्या नेमक्या फॉन्टचं नाव निवडायला हवं.

रूपांतरानंतर नुसती नजर फिरवू नका, ठरावीक जागा तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे 'स्थिती', 'व्यक्तिशः' अशा जोडाक्षरांवरच्या वेलांट्या घसरतात. रफाराचंही तसंच: 'कार्यकारिणी', 'अर्थसंकल्प', 'सर्वानुमते' हे शब्द शोधून बघा. आणि 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' मधला अर्धा ऱ हमखास मोडतो. आमच्या एका फाइलमध्ये 'दुसऱ्या' हा शब्द चौतीस वेळा मोडला होता. 'शोधा आणि बदला' मध्ये एकदाच दुरुस्त केला आणि चौतीसही जागा सुधारल्या. इतिवृत्तात तारखा आणि रकमा असतात, म्हणून आकडे मात्र मूळ पीडीएफशी एकेक करून ताडले. दोन रविवार गेले, पण त्या फाइली आता फोनवरसुद्धा उघडतात आणि त्यात शब्द शोधता येतो.

बॅकअप आणि जुनी डिस्क

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डी ड्राइव्ह विसरू नका, बरेच जण सगळं तिथेच ठेवतात. उतरवून झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फाइली उघडून बघा.

माझा आग्रह मात्र एका वेगळ्या उपायाचा आहे. लॅपटॉपमध्ये जुनी, अडीच इंची साटा (डिस्क जोडायची एक पद्धत) हार्ड डिस्क असेल तर २५० जीबीच्या आसपासची एक एसएसडी (फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या आणि जुनी डिस्क काढून कपाटात ठेवून द्या. लिनक्स नव्या एसएसडीवर जाईल आणि विंडोज जसंच्या तसं बाजूला राहील. काही बिनसलं तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत बसवायची, की लॅपटॉप पहिल्यासारखा. शिवाय जुन्या लॅपटॉपचा मंदपणा बहुतेक वेळा त्या फिरणाऱ्या डिस्कमुळेच असतो, म्हणून पैसे खर्च करायचे तर ते आधी एसएसडीवर करा. जुनी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली की त्यातल्या फाइली मिंटमधून सरळ उघडतात. स्वतः लॅपटॉप उघडायची हिंमत नसेल तर दुकानातून करून घ्या, पण जुनी डिस्क मागून घ्या.

डिस्क काढण्यापूर्वी विंडोजमध्ये दोन गोष्टी बघा. सेटिंगमध्ये 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ते बंद करून पूर्ण उलगडू द्या. निदान त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर ती डिस्क दुसरीकडे उघडणार नाही. मग पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्स त्या डिस्कवर काही लिहू देत नाही.

पेनड्राइव्ह तयार करणं

लिनक्सचे प्रकार खूप आहेत. घरातल्या माणसांसाठी मी लिनक्स मिंटच सुचवते: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस बावचळत नाही. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, चार असेल तर एक्सएफसीई. बाबांना आम्ही एक्सएफसीई दिली.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम असलेली एकच फाइल) उतरवा, ती तीन जीबीच्या आसपास असते. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात ठेवा. विंडोजवर रुफस नावाचा छोटा प्रोग्राम घ्या, त्यात पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडा. निवडलेल्या फाइलशेजारी बरोबरच्या खुणेचं बटण आहे, ते दाबलं की एसएचए-२५६ ची लांबलचक संख्या दिसते. ती मिंटच्या पानावरच्या संख्येशी जुळली पाहिजे. नेट मध्येच तुटून फाइल अर्धवट उतरली असेल तर इथेच कळतं. जुळली की 'स्टार्ट' दाबा आणि विचारलं तर 'आयएसओ इमेज मोड' हाच पर्याय ठेवा.

टाकण्याआधी चालवून बघा

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना बूट मेनूचं (कशावरून चालू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीचं) बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९, असूसवर एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. अजून डिस्कवर काहीही लिहिलेलं नाही.

इथे अर्धा तास काढा. वायफाय जोडा, एक व्हिडिओ लावून आवाज ऐका, उजेड कमी-जास्त करणारी बटणं दाबा, कॅमेरा बघा, झाकण मिटून परत उघडा. वायफाय दिसलं नाही तर फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा. त्या नेटवर मिंट टाकून झाल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हर शोधून देतो.

प्रिंटर याच वेळी जोडून बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लावताक्षणी ओळखले जातात, आणि वायफायवरून फोनमधून छापू देणारे नवे प्रिंटरही. आपल्याकडे घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाच्या वेगळ्या भाषेत बोलतो आणि लिनक्सवर तो बसवायला बरीच खटपट लागते. तुमच्याकडे तोच असेल तर आधी त्याचा विचार करा, मग पुढचं पाऊल.

प्रत्यक्ष मिंट टाकणं

सुरू करण्यापूर्वी मिंटच्या पेनड्राइव्हखेरीज बाहेरून जोडलेली प्रत्येक डिस्क, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड लॅपटॉपमधून काढा. काही वर्षांपूर्वी एका संगणकावर लिनक्स टाकताना माझी बॅकअपची डिस्क तशीच लागलेली राहिली. यादीत दोन डिस्क होत्या, मी घाईत चुकीची निवडली, आणि तीन वर्षांचे फोटो गेले. त्यातले थोडेच परत मिळाले. तेव्हापासून एकच डिस्क जोडलेली असल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' वर दोनदा क्लिक करा. भाषा मराठीही निवडता येते, पण भाषांतर अपुरं असल्यानं अर्धा मेनू मराठी आणि अर्धा इंग्रजी दिसतो. मी इंग्रजीच ठेवते. कीबोर्डसाठी 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' निवडा, म्हणजे उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह उमटतं. मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या भागांच्या) चौकटीत खूण करा. तिथे सिक्युअर बूटसाठी (चालू होतानाच्या सुरक्षा-तपासणीसाठी) पासवर्ड मागितला तर सोपा पासवर्ड द्या आणि लिहून ठेवा. पुढच्या वेळी चालू होताना निळा पडदा येतो. त्यावर 'एन्रोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा थोडेच सेकंद थांबतो, त्यामुळे चहा करायला उठू नका.

नवी एसएसडी असेल तर 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल' निवडा. विंडोज आणि मिंट एकाच डिस्कवर ठेवायचे असतील तर आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून किमान ५० जीबी मोकळी करा आणि मग 'इन्स्टॉल अलाँगसाइड' घ्या. डिस्क यादीत दिसलीच नाही तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड 'रेड' किंवा 'आरएसटी' वर असतो, तो 'एएचसीआय' करावा लागतो. त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल विंडोजची तयारी न करता करू नका, ते चालू व्हायचं थांबेल. दोन्ही सिस्टीम ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ कधी कधी नेमकं साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं, म्हणून हा फरक. 'टाइमडेटसीटीएल' नावाच्या आज्ञेनं लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की जुळतं.

वेळक्षेत्र कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. हा पासवर्ड प्रत्येक नवा प्रोग्राम टाकताना लागतो. बाबांनी तो डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिला.

पहिल्या दिवशीची कामं

स्वागताची खिडकी उघडते, त्यात 'फर्स्ट स्टेप्स' आहे. सगळ्यात आधी 'टाइमशिफ्ट' चालू करा, आठवड्याला एक आणि दोन-तीन प्रती ठेवा. एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टीम मागच्या तारखेला नेता येते. पण टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागद जपत नाही, ते फक्त सिस्टीमपुरतं आहे. कागदांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर वेगळा घ्यायचाच. त्यानंतर अपडेट मॅनेजर आणि ड्रायव्हर मॅनेजर एकदा चालवा.

नवा प्रोग्राम हवा असेल तर गुगलवर शोधून कुठलीही फाइल उतरवू नका, 'सॉफ्टवेअर मॅनेजर' मध्ये शोधा. विंडोजच्या माणसाची ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. व्हॉट्सॲपसाठी 'वेब ॲप्स' नावाचं साधन आहे, त्यातून मेनूत वेगळं चिन्ह करून ठेवा. सिनेमाच्या संकेतस्थळांवर फायरफॉक्स पहिल्यांदा संरक्षित मजकूर चालवायची परवानगी मागतो, ती द्या.

मराठी टायपिंग

इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा सरकारी कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्ड सेटिंगच्या 'लेआउट' मध्ये भारतीय लेआउट जोडा आणि भाषा बदलायचं बटण ठरवा. 'दऱ्या' मधला अर्धा ऱ हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश आणि ई. साधा जे दाबलात तर रफार होतो आणि शब्द 'दर्या' उमटतो.

इंग्रजी अक्षरांतून 'मी' लिहायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'आयबस' आणि 'आयबस-एम१७एन' घ्या, 'इनपुट मेथड' मध्ये आयबस निवडा, लॉग आउट करून परत या आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठीखालचा आयट्रान्स किंवा फोनेटिक प्रकार जोडा. फोनसारखे शब्द सुचवले जात नाहीत, त्यामुळे पहिले चार दिवस हात अडखळतात.

आणखी एक बारीक गोष्ट बाबांनी दाखवून दिली. लिबरऑफिसमध्ये त्यांचे 'ल' आणि 'श' हिंदी पुस्तकातल्यासारखे दिसत होते. नोटोसारख्या फॉन्टमध्ये या अक्षरांचे मराठी आणि हिंदी असे दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा बघून त्यातला एक निवडला जातो. 'टूल्स', 'ऑप्शन्स', मग 'लँग्वेजेस' मध्ये जाऊन सीटीएलची (देवनागरीसारख्या लिप्यांची) भाषा हिंदीऐवजी मराठी केली, आणि त्याच पानावरचा 'ल' शाळेत गिरवला तसा झाला. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला.

जुनी डिस्क निदान तीन महिने तशीच ठेवा, पुसू नका. विसरलेली एखादी फाइल लागतेच. आमच्याकडे दीड महिन्यानं वाचनालयाच्या सभासदांची यादी लागली, ती डी ड्राइव्हवरच्या 'नवीन फोल्डर २' मध्ये सापडली. मिंटचा पेनड्राइव्हही तसाच राहू द्या आणि त्यावर आवृत्ती लिहून चिठ्ठी चिकटवा. लॅपटॉप कधी चालूच झाला नाही तर त्याच पेनड्राइव्हवरून चालू करून आतल्या फाइली बाहेर काढता येतात.